युद्धाला नकार देणारे देवदूत



आज ज्या कादंबऱ्यांबद्दल बोलायचं आहे त्यांच्याकडे गंभीर वाचक सहसा वळून पाहत नाही. मुखपृष्ठावर पंख, पंखांखाली उंच इमारती, हातात तलवार. ही पोरांची पुस्तकं, असं म्हणून आपण पुढे जातो. इंग्रजीत या प्रकाराला अर्बन फँटसी म्हणतात. यात किल्ले आणि ड्रॅगन यांचं वेगळं जग रचायचं नसतं. आजचंच शहर घ्यायचं, त्यातले रस्ते, भुयारी रेल्वे, भाड्याच्या खोल्या घ्यायच्या आणि त्याच पत्त्यावर अद्भुताला राहायला आणायचं. या प्रकाराची एक मोठी शाखा देवदूत, सैतान आणि त्यांच्यातलं स्वर्गीय युद्ध यांच्यावर उभी आहे.

या युद्धाचा निकाल वाचकाला आधीपासून ठाऊक असतो. देव जिंकतो, सैतान पाताळात जातो. त्यामुळे चांगल्या लेखकाला हारजितीत फारसा रस उरत नाही. त्याचा प्रश्न वेगळा असतो. ज्याला लढायचा हुकूम आला आहे, त्याने तो का पाळावा? हा प्रश्न स्वर्गात नीट विचारता येत नाही, कारण तिथे फक्त दोन बाजू आहेत. शहरात मात्र विरुद्ध बाजूच्या माणसाच्या दुकानातून सामान आणावं लागतं आणि गाडीत त्याच्या शेजारी बसावं लागतं. म्हणून स्वर्गीय युद्ध शहरात उतरलं की त्याची धार बोथट होऊ लागते. या कादंबऱ्यांमधल्या चांगल्या पुस्तकांचा खरा विषय मला हाच वाटतो.

आधी मूळ कथा पाहू. बायबलमध्ये ती आश्चर्य वाटावं इतकी थोडकी आहे. शेवटच्या ग्रंथाच्या, म्हणजे प्रकटीकरणाच्या, बाराव्या अध्यायात महादूत मायकेल आणि त्याचे दूत एका अजगराशी, म्हणजे सैतानाशी, लढतात आणि त्याला पृथ्वीवर फेकून देतात. सगळं काही ओळींत आटोपतं. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात देवाचे पुत्र मनुष्यकन्यांवर भुलतात, एवढा उल्लेख येतो. त्याचा विस्तार केला तो हनोखच्या ग्रंथाने. हा ग्रंथ बायबलच्या रूढ संहितेबाहेर राहिला, पण इथिओपियाच्या चर्चने तो जपला आणि 1773मध्ये जेम्स ब्रूस या प्रवाशाने त्याची हस्तलिखितं युरोपात नेली. त्यात दोनशे देवदूत हर्मोन पर्वतावर उतरतात. माणसांच्या मुलींशी संसार करतात आणि माणसांना विद्या शिकवतात: तलवारी आणि ढाली घडवायची, दागिने करायची, डोळ्यांत काजळ घालायची, ताऱ्यांवरून शकुन पाहायची. शस्त्रं, सराफी, प्रसाधन, ज्योतिष. कोणत्याही मोठ्या शहराची बाजारपेठ याच धंद्यांवर चालते. पतित देवदूतांचं शहराशी नातं इतकं जुनं आहे.

या तुटक धाग्यांचं महाकाव्य केलं जॉन मिल्टनने. ‘पॅराडाइज लॉस्ट’ 1667मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातलं युद्ध तीन दिवस चालतं. दुसऱ्या दिवशी बंडखोर दूत तोफा शोधून काढतात आणि देवाचे दूत डोंगर उपटून त्यांच्यावर फेकतात. तिसऱ्या दिवशी देवाचा पुत्र स्वतः येऊन प्रकरण संपवतो. इंग्लंडने नुकतंच यादवी युद्ध पाहिलं होतं. राजाचा शिरच्छेद करणाऱ्या राजवटीत मिल्टन परराष्ट्र पत्रव्यवहाराचा सचिव होता. 1660मध्ये राजेशाही परत आली तेव्हा तो आंधळा होता आणि हरलेल्या बाजूला होता. पृथ्वीवरच्या राजाविरुद्धचं बंड योग्य मानणारा हा माणूस स्वर्गातल्या राजाविरुद्धचं बंड पाप कसं ठरवणार? या ताणातूनच त्याच्या सैतानाला भव्यता आली. पण मिल्टनने आणखी एक पात्र निर्माण केलं, त्याचं नाव अब्दिएल. सैतानाच्या छावणीत राहून तो एकटाच उठतो, सगळ्यांच्या तोंडावर नाही म्हणतो आणि निघून जातो. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

ही कथा मराठीला परकी नाही. मिल्टनच्या महाकाव्याच्या 51 वर्षं आधी, 1616मध्ये, गोव्यात रायतूर इथे थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून झालं होतं. देवदूतांची निर्मिती आणि ल्युसिफरचं, म्हणजे सैतानाचं, पतन आपल्या भाषेत तेव्हाच ओवीत उतरलं होतं. तरी आपल्याकडची मांडणी निराळी आहे. देव आणि असुर हे कश्यपाचेच पुत्र, सावत्र भाऊ. त्यांचं भांडण वाट्याचं आहे, ते पुन्हा पुन्हा होतं आणि अमृतासाठी दोघे मिळून समुद्रही घुसळतात. वैकुंठाचे द्वारपाल जय आणि विजय शापाने खाली येतात, पण तीन जन्म वैर करून परत घरी जातात. ख्रिस्ती कथेत परतीची वाट नाही. एक धनी, एक बंड, एक निकाल. त्यामुळे तिथे ‘मी लढणार नाही’ असं म्हणणाऱ्या दूताला फार मोठी किंमत मोजावी लागते. म्हणूनच तो कादंबरीचा नायक होऊ शकतो.

हा नायक शहरात पूर्ण ताकदीने आणला तो अनातोल फ्रान्सने. ‘देवदूतांचं बंड’ ही त्याची फ्रेंच कादंबरी 1914ची. अर्बन फँटसी हे नाव तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं, पण या प्रकाराची सगळी यंत्रणा तिथे तयार आहे. पॅरिसमध्ये सँ-स्युल्पीस चर्चच्या सावलीत एका सरदार घराण्याचा वाडा आहे आणि वाड्यात 3,60,000 ग्रंथांचं ग्रंथालय. ते जिवापाड सांभाळणारा ग्रंथपाल सारिएत रोज सकाळी पाहतो तर पुस्तकं अस्ताव्यस्त पडलेली. चोर सापडत नाही. खरा प्रकार असा की घरातल्या मोरिस या ऐषारामी मुलाचा रक्षक देवदूत रात्री वाचत बसलेला असतो. मोरिसला वाचवण्यासारखं काही घडतच नाही, म्हणून कंटाळून तो धर्मशास्त्र, विज्ञान, तत्त्वज्ञान असं जे हाताला लागेल ते वाचतो आणि वाचता वाचता त्याची श्रद्धा उडते. एके दिवशी मोरिसच्या खोलीत, अगदी नको त्या क्षणी प्रकट होऊन तो सांगतो की मी तुझी नोकरी सोडतो आहे. पृथ्वीवर याचं नाव आर्काद. स्वर्गातलं नाव अब्दिएल. मिल्टनचा सर्वांत निष्ठावंत दूत फ्रान्सने बंडखोर केला, आणि तो कुणाच्या फूस लावण्याने नव्हे, पुस्तकांनी.

मग पॅरिसमध्ये आधीच राहत असलेले इतर देवदूत दिसू लागतात. एक संगीत रचतो, एक बाँब बनवतो, एक म्हातारा माळीकाम करतो आणि बासरी वाजवतो. बंडाची तयारी होते, शस्त्रं जमतात. शेवटी शिष्टमंडळ सैतानाला सेनापतीपद द्यायला जातं. सैतान कुठे राहतो? फ्रान्सने त्याला गंगेच्या काठावर, वेलींनी वेढलेल्या देवळांपाशी, माकडांच्या कलकलाटाच्या बागेत ठेवलं आहे. सैतान म्हणतो, उद्या उत्तर देतो. रात्री त्याला स्वप्न पडतं. तो जिंकला आहे, सिंहासनावर बसला आहे. हळूहळू त्याला स्तुती आवडू लागते, इतरांच्या दुःखाचं काही वाटेनासं होतं. तिकडे पाताळात ढकललेला जुना देव दिवसेंदिवस दयाळू होतो आहे. सैतान घामाघूम होऊन जागा होतो आणि युद्धाला नकार देतो. सिंहासनावरचा माणूस बदलून जुलूम संपत नाही. आपल्या मनातलं अज्ञान आणि भय हरवावं लागतं, असं त्याच्या उत्तराचं सार आहे.

ज्या वर्षी हे पुस्तक आलं त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस पहिलं महायुद्ध सुरू झालं. अनातोल फ्रान्सला 1921मध्ये नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी रोमच्या चर्चने त्याचं सगळं लेखन निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातलं.

यानंतर थेट लंडनला येऊ. टेरी प्रॅचेट आणि नील गेमन यांची ‘गुड ओमेन्स’ 1990ची. 2019मध्ये तिची मालिका आल्यामुळे तुमच्यातल्या अनेकांना ती माहीत असेल. अझिराफेल हा देवदूत एदेन बागेच्या पूर्व दरवाजाचा राखणदार. आता सोहोमध्ये त्याचं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे आणि एकही पुस्तक विकलं जाऊ नये म्हणून तो धडपडतो. क्राउली हा सैतानी दूत, एदेनमधला सर्प. आता बेंटली चालवतो. सहा हजार वर्षं दोघं विरुद्ध बाजूंसाठी काम करत आहेत. एवढ्या काळात त्यांच्या लक्षात आलं आहे की आपल्याला मुख्यालयातल्या लोकांपेक्षा समोरचा जास्त कळतो. मग त्यांनी गुपचूप तह केला. दोघांनी एकाच गावी जायचं तर एकानेच जाऊन दोघांचं काम उरकायचं. शीतयुद्ध संपत असताना लिहिलेल्या या पुस्तकात दोन्ही बाजूंच्या हेरांची ती ओळखीची दमणूक आहे.

क्राउलीची सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे लंडनभोवतीचा एम-25 हा वर्तुळाकार महामार्ग. त्याचा आराखडा त्याने एका सैतानी चिन्हासारखा करून घेतला आहे. रोज त्यात अडकलेली लाखो माणसं जो त्रागा करतात त्यावर पाताळाचा कारभार चालतो. हा विनोद वाटतो, पण त्यात पापाचा पूर्ण नवा सिद्धांत आहे. एका आत्म्याला मोठ्या मोहात पाडण्यापेक्षा लाखो लोकांची सकाळ थोडी थोडी नासवणं अधिक फायदेशीर! जगाच्या अंताच्या चार घोडेस्वारांतला रोगराईचा स्वारही पेनिसिलिन आल्यावर निवृत्त होतो आणि त्याच्या जागी प्रदूषण येतं. दुष्टपणा इथे शहराच्या कारभारात मिसळला आहे.

जगाचा अंत घडवायला जन्मलेलं मूल जन्मताच चुकून भलत्या घरी जातं आणि एका खेड्यात मित्र, कुत्रा, झाडं यांच्यात साधा मुलगा म्हणून वाढतं. शेवटी स्वर्ग आणि पाताळ दोघांचेही प्रतिनिधी या अकरा वर्षांच्या मुलाला, ॲडमला, म्हणतात, कर सुरुवात. तो विचारतो, कशासाठी? दोन्ही मुख्यालयांकडे याचं उत्तर नसतं. फक्त ‘योजना तशी आहे’ एवढंच.

हेच सूत्र पुढच्या पुस्तकांत वेगवेगळ्या रूपांत दिसतं. जिम बुचरच्या शिकागोतल्या ‘ड्रेस्डेन फाइल्स’मध्ये यहुदाला मिळालेल्या तीस चांदीच्या नाण्यांत पतित देवदूत कोंडलेले आहेत, नाणं घेणाऱ्याचा ते ताबा घेतात. त्यांच्याशी लढतो मायकेल कार्पेंटर. नाव महादूताचं, व्यवसाय घरं बांधण्याचा. पण त्याचं पहिलं कर्तव्य शत्रूला मारणं नाही. त्याने नाणं सोडावं म्हणून त्याला शेवटपर्यंत संधी देणं आहे. कॅसँड्रा क्लेअरच्या न्यूयॉर्कमधल्या ‘मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स’ मालिकेत, जी 2007मध्ये सुरू झाली, देवदूताच्या रक्ताचे शिकारी राक्षसांशी लढतात. पण त्यांचा खरा शत्रू व्हॅलेंटाइन हा त्यांच्यातलाच, रक्तशुद्धीच्या वेडाने पछाडलेला. त्याच्याविरुद्धच्या लढाईसाठी नायिका क्लेरी असं नवं चिन्ह शोधते, की त्याने शिकारी आणि शहरातले नरलांडगे, रक्तपिपासू जोडीने बांधले जातात. आधी ज्यांचा तिरस्कार केला, त्यांच्याशी शक्तीची वाटणी करावी लागते.

याच्या अगदी उलट टोकाचंही एक पुस्तक आहे आणि ते टाळून हा विषय पूर्ण होत नाही. फ्रँक पेरेट्टीची ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’, 1986. अमेरिकेतल्या ॲश्टन नावाच्या गावावर राक्षसांचा कब्जा होत आहे. देवदूतांची ताकद प्रार्थना करणाऱ्यांच्या संख्येवर ठरते. गाव बळकावू पाहणाऱ्या मंडळींच्या पाठीमागे, अक्षरशः खांद्यावर, राक्षस बसलेले असतात. हे पुस्तक लाखोंनी खपलं आणि वेगवान आहे हेही मान्य करायला हवं. पण त्याच्या रचनेतच धोका आहे. विरोधकाच्या खांद्यावर राक्षस दिसू लागला की त्याचं म्हणणं ऐकण्याची गरज उरत नाही. मतभेद संपतो, फक्त बंदोबस्त उरतो. या गावात माणसं आहेत, रस्ते आहेत, पण शेजारी नाहीत. प्रत्येक देशाच्या राजकारणाला ही भाषा अधूनमधून मोह घालते, म्हणून या कादंबऱ्या काळजीपूर्वक वाचाव्यात असं मी म्हणतो.

आता एक आक्षेप. चांगलं आणि वाईट यांच्या युद्धात बाजूला उभं राहणं हा भेकडपणा नाही का? दान्तेने याचं उत्तर कठोरपणे दिलं आहे. बंडाच्या वेळी ज्या देवदूतांनी कुणाचीच बाजू घेतली नाही, त्यांना त्याने नरकाच्या दाराच्या आत, पण प्रत्यक्ष नरकाच्या अलीकडच्या ओसाडीत ठेवलं. स्वर्ग त्यांना घेत नाही, नरकही घेत नाही. मला दान्तेचा निवाडा पटतो. पण फ्रान्सचा सैतान, अझिराफेल, क्राउली हे त्या ओसाडीतले नाहीत. तटस्थ माणूस निकाल लागेपर्यंत थांबतो आणि मग जिंकलेल्या बाजूला जातो. नकार देणारा मात्र निकालाआधी बोलतो, तेही स्वतःच्या बाजूच्या लोकांसमोर, आणि त्याचे परिणाम सोसतो. मिल्टनच्या अब्दिएलने हेच केलं होतं. फ्रान्सच्या अब्दिएलने वेगळ्या दिशेने, पण तेच केलं. अझिराफेल आणि क्राउली यांनीही एक बाजू घेतलीच आहे. ती म्हणजे ज्या जमिनीवर हे युद्ध होणार आहे, त्या जमिनीवर राहणाऱ्यांची.

पंखांची मुखपृष्ठं वाईट असतील, त्यातली अर्धी पुस्तकंही सुमार असतील. पण हुकूम वरून आला आहे एवढ्याने तो योग्य ठरत नाही, हा विचार आज ज्या वयाच्या वाचकापर्यंत सर्वांत आधी पोहोचायला हवा, त्या वयाचे वाचक ही पुस्तकं वाचत आहेत. त्यांच्याशी या पुस्तकांबद्दल बोलायचं तर आधी आपण ती वाचायला हवीत.