ताळा केलास का?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



गुणाकार झाला की आपल्या गणिताच्या बाई विचारायच्या, "ताळा केलास का?" आकड्यांची बेरीज करायची, नऊ काढून टाकायचे, दोन्ही बाजू जुळल्या की सुटलो! एकदा मी उत्तरात ९७ च्या जागी ७९ लिहिले. ताळा जुळला, मार्क मात्र गेले. आकड्यांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते ना!

तसाच ताळा आज आपल्या खिशात आहे. एटीएम कार्डाच्या नंबरातला शेवटचा आकडा ताळ्याचा. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांची ही रीत. तिचे अमेरिकन पेटंट १९६० चे. उजवीकडच्या दुसऱ्या आकड्यापासून एकाआड एक आकडा दुप्पट करायचा, नऊच्या वर गेला तर त्यातून नऊ वजा करायचे. सगळ्यांच्या बेरजेला दहाने भाग गेला पाहिजे.

४९७२६ घ्या. ९ चे १८, म्हणजे ९; २ चे ४. बेरीज ४+९+७+४+६ = ३०. जुळले! आता ९ आणि ७ उलटे लिहा : ४+५+९+४+६ = २८. चूक सापडली. फक्त ०९ चे ९० झाले, तर ही रीत फसते. डच गणिती याकोबस वेरहूफ यांनी १९६९ मध्ये तीही फट बुजवली. २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीपासून ज्याचे वाटप सुरू झाले, त्या आधारच्या १२ आकड्यांतला शेवटचा आकडा वेरहूफ यांच्या रीतीचा आहे.

मोबाइल नंबरला मात्र असा ताळा नाही. गेल्या वर्षी आमच्या कामाच्या मावशींना मुलाच्या फीचे आठ हजार फोनवरून पाठवताना माझे दोन आकडे उलटे पडले. पडद्यावर भलतेच नाव आले होते. ते न वाचताच मी पिन दाबला. पैसे गेले ते गेलेच. मावशींना पुन्हा दिले, पण फीची तारीख टळून गेली होती.

आणखी एक. ताळा जुळला म्हणजे आकडा नीट लिहिला आहे, एवढेच. कार्ड कोणाचे, फोनवर बोलणारा कोण, हे तो सांगत नाही. कोणी आपला कार्ड नंबर बिनचूक वाचून दाखवला, तरी ओटीपी देऊ नका.

बाई, आता पिन दाबण्याआधी मी नाव वाचतो. ताळा करतो.