लंगड्या पाखराची शुश्रूषा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, लंगड्या कोंबडीवर बोलतो. ते हसले. आता तुम्हीही हसलात. हरकत नाही. मी सूतगिरणीतला कामगार माणूस. शाळा सातवीपर्यंत, पुढचं काय ते वाचनालयात बसून शिकलो. मोठं तत्त्वज्ञान मला जमणार नाही. हाताने केलं तेवढंच सांगतो.

1993 च्या पावसाळ्यात मी मणिबेलीला गेलो होतो. तेव्हा नंदुरबार जिल्हा व्हायचा होता; मणिबेली धुळे जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठावर. सरदार सरोवराच्या पाण्याखाली आलेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं गाव. पाणी चढत होतं आणि माणसं सामान घेऊन टेकडीवर चढत होती. एक म्हातारी डोक्यावर डालगं घेऊन चालली होती. डालग्यात एकच कोंबडी, तीही लंगडी. बाकीच्या कोंबड्या पोरांनी बगलेत धरल्या होत्या. मी विचारलं, "आजी, घरदार चाललं, आणि ही लंगडी कशाला डोक्यावर?" ती आपल्या बोलीत जे म्हणाली त्याचा अर्थ असा, "हिला चालता येत नाही, म्हणून तर डोक्यावर घेतली."

मी गप्प झालो. पण खरं सांगतो, ते मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

कळलं ते 2014 साली. गिरणीत माझा पाय मोडला. पाच महिने खाटेवर होतो. भेटायला पुष्कळ लोक आले, पण पाण्याचा तांब्या हाताशी ठेवायचं एकट्या बायकोलाच सुचलं. लंगड्याची भूक-तहान इतरांएवढीच असते. ताटापर्यंतची वाट तेवढी लांब होते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या नातीने एक पिल्लू आणलं. अंड्यातून निघून दोन दिवस झालेले, दोन्ही पाय बाजूला फाकलेले, पोटावर सरपटत होतं. शेजारी म्हणाले, टाकून द्या. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मला मणिबेलीची आजी आठवली. म्हटलं, ठेवू या.

पशुवैद्यकाने सांगितलं, गुळगुळीत जमिनीवर किंवा वर्तमानपत्रावर पिल्लं ठेवली की पाय घसरून असे फाकतात. त्याला खरबरीत जागा द्या. आम्ही खोक्यात जुनी गोधडी अंथरली. मऊ चिंधीची पट्टी दोन्ही पायांना इंग्रजी आठसारखी सैल बांधली, पाय अंगाखाली नीट येतील एवढं अंतर ठेवून. सुताचा धागा चुकूनही बांधू नका. आम्ही सूतवाले लोक, धागा कसा कापतो ते आमच्या बोटांना विचारा. पट्टी रोज सोडून बघायची, पाय सुजला तर नाही ना. ऊब हवी म्हणून वर दिवा लावला, पण खोक्याचा एक कोपरा गार ठेवला. दाणा-पाणी चोचीजवळ. पाण्याचं झाकण उथळ, नाहीतर पिल्लू त्यातच बुडतं. आणि त्याला बाकीच्यांपासून वेगळं ठेवलं, कारण दुबळ्याला टोचायची खोड कोंबड्यांतही असते.

पाचव्या दिवशी पिल्लू उभं राहिलं. थोडं लंगडतं आजही, पण अंडी घालतं.

प्रत्येक वेळी असं होत नाही. मागच्या साली दुसरी एक तलंग लंगडली. एक पाय पुढे, एक मागे. तो मॅरेक्स रोग निघाला. त्याला औषध नाही; पिल्लू पहिल्या दिवसाचं असतानाच लस द्यावी लागते. ती गेली. नात रडली. मीही जेवलो नाही.

म्हणून आधी कारण बघा. तळवा उलटा करून काटा, अडकलेला धागा, काळी खपली आहे का पाहा. असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने धुवा, पण घरी ब्लेड चालवू नका. पिल्लाची बोटं आत वळली असतील तर जीवनसत्त्व ब-2 कमी पडलेलं असू शकतं. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. जखमी पोपट, घुबड सापडलं तर पाळू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. वनखात्याला 1926 वर कळवा.

आणि हात साबणाने धुवा. नवापूर आपलंच. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे निघाला, परसातल्या कोंबड्यासुद्धा माराव्या लागल्या. 2021 मध्ये पुन्हा तेच. एक पाखरू लंगडलं तर शुश्रूषा करा. पण एकदम चार-पाचांनी माना टाकल्या तर लपवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. तीही मायाच आहे, शेजाऱ्याच्या घरावरची.

सिद्धार्थ आणि देवदत्त यांच्या पक्ष्याची गोष्ट इथल्या लहान मुलालाही पाठ आहे. पक्षी कोणाचा, मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा, हा निवाडा आपण सांगतो. पण बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तो प्रसंग पुन्हा वाचा. सिद्धार्थाने बाण काढला, जखम बांधली, पाणी पाजलं, आणि पाखराला ऊब मिळावी म्हणून छातीशी धरलं. निवाडा नंतरचा. आधी पाणी आणि ऊब.

आपल्या प्रत्येकाच्या घरात कोणीतरी लंगडं असतं. म्हातारा बाप असेल, कामावरून बसवलेला भाऊ असेल. "औषधपाणी केलं" म्हणून आपण मोकळे होतो. मित्रहो, घरी गेल्यावर एवढंच बघा, पाण्याचा तांब्या त्याच्या हाताशी आहे का?

मणिबेलीच्या त्या आजीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. तिने शिकवलेलं तुमच्यापुढे ठेवलं. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम!