बीडचे बांगर आणि रेल्वेचा संघ

नामवंत खेळाडू हातचा गेला, की मागे राहिलेल्या संघाच्या नावाने बोटे मोडण्यास लोकांना वेळ लागत नाही. अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलस येथील बास्केटबॉल संघाने लुका डॉन्चिच हा आपला पहिल्या प्रतीचा खेळाडू लॉस एंजेलिसच्या संघास देऊन त्याच्या मोबदल्यात दुसरे घेतले, तेव्हा तेथील प्रेक्षक आपल्याच संघाच्या चालकांवर उलटले. रणजी सामन्यांत अशी उघड अदलाबदल होत नाही. तथापि खेळाडू एक संघ सोडून दुसऱ्यात जातात आणि मागे वाद तोच उरतो. बीड जिल्ह्यास हा वाद परका नाही. १९७२ साली बीड येथे जन्मलेले संजय बांगर मुंबई व महाराष्ट्र यांच्या कुमार संघांतून खेळले. परंतु १९९३-९४ च्या हंगामात त्यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत पाऊल टाकले ते रेल्वेच्या संघाकडून. महाराष्ट्राची ही चूक झाली काय?

उत्तर देण्यापूर्वी एका जुन्या प्रकरणाची आठवण करणे अवश्य आहे. सांगलीचे विजय हजारे यांनी १९३९-४० साली पुण्यास महाराष्ट्रातर्फे नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी सामन्यांतील ते पहिले त्रिशतक. प्रतिपक्ष होता बडोद्याचा! प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने त्या वर्षी व पुढच्याही वर्षी करंडक जिंकला. १९४१-४२ पासून मात्र हजारे बडोद्याकडून खेळू लागले. १९४२-४३ साली करंडक बडोद्यास गेला. आणि मार्च १९४७ मध्ये होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात हजारे यांनी २८८ व गुल महंमद यांनी ३१९ धावा काढून चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी रचली. महाराष्ट्राच्या हाती तो करंडक १९४०-४१ नंतर पुन्हा आलेला नाही. असे असूनही त्या वेळच्या महाराष्ट्र संघास दोष देणे न्यायाचे होणार नाही. संस्थानिक खेळाडूस पदरी ठेवून त्याच्या चरितार्थाची सोय लावीत असत. पुण्याच्या क्रिकेटजवळ द्यावयास कौतुकाखेरीज काय होते? कौतुकाने चूल पेटत नाही.

बांगरांची गोष्ट निराळी. हजारे गेले ते तयार खेळाडू म्हणून. बांगर गेले तेव्हा त्यांचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते. शिवाय महाराष्ट्राचा संघ तेव्हा दुबळा नव्हता. १९९२-९३ साली तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचून पंजाबकडून हरला होता, आणि सुरेंद्र भावे, शंतनु सुगवेकर यांसारखे धावांच्या राशी घालणारे फलंदाज त्यात होते. अशा संघात नवख्यास जागा मिळाली नाही, एवढ्यावरून निवड करणारांस आंधळे ठरविणे बरोबर नाही.

चूक असेल तर ती मोजमापाची. थोडी मध्यमगती गोलंदाजी आणि खाली मान घालून केलेली चिवट फलंदाजी हा बांगरांचा गुण. असा गुण एका निवड सामन्यात दिपवून सोडीत नाही. तो दोन-तीन हंगामांत उमगतो. हा अवधी त्यांना रेल्वेने दिला. १९५८-५९ पासून रणजी सामन्यांत उतरलेल्या या संघाची रीतच अशी, की स्वतःच्या प्रांतात जागा न मिळालेली माणसे देशभरातून वेचावी, त्यांना कायमची नोकरी द्यावी आणि मग खेळवावे. संस्थानिकांचे जुने काम एका अर्थी रेल्वेने पुढे चालविले. गंमत अशी, की अहिल्यानगरहून बीड शहरात आगगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. रूळ पोहोचण्यापूर्वी बत्तीस वर्षे रेल्वेने बीडचा खेळाडू उचलला होता!

फळ काय मिळाले ते सर्वांनी पाहिले. रेल्वेने २००१-०२ व २००४-०५ अशी दोनदा रणजी करंडकावर मोहर उठविली. बांगर डिसेंबर २००१ मध्ये मोहाली येथे भारताकडून कसोटी खेळले, पुढे नागपुरास झिंबाब्वेविरुद्ध नाबाद शतक केले. पण त्यांची खरी किंमत कळली ती ऑगस्ट २००२ मध्ये इंग्लंडात, लीड्सच्या मैदानावर. आकाश भरून आलेले, चेंडू वळवळत होता, सेहवाग लवकर बाद झालेले. अशा वेळी सलामीस गेलेल्या बांगरांनी द्रविड यांच्यासह दुसऱ्या गड्यासाठी १७० धावांची भर घातली. स्वतःच्या धावा अवघ्या ६८! द्रविड, तेंडुलकर व गांगुली यांची शतके लोकांच्या ध्यानात राहिली. परंतु ती इमारत ज्या जोत्यावर उभी राहिली ते बीडच्या या गृहस्थाने घातले होते. भारताने तो सामना एक डाव व ४६ धावांनी जिंकला.

आता कोणी म्हणेल, बांगर महाराष्ट्रात राहते तर करंडक पुण्यास आला असता. हा तर्क दिसतो तितका पक्का नाही. महाराष्ट्राच्या संघात ते कदाचित बारावे गडी म्हणून पाण्याचे पेले नेत राहिले असते, आणि तिशीच्या आत खेळ सोडून एखाद्या कचेरीत बसले असते. रेल्वेस मिळाला तो बांगर महाराष्ट्राने गमावला, असे म्हणता येत नाही. कारण तो तोवर घडलाच नव्हता. महाराष्ट्राने गमावली ती त्यास घडविण्याची संधी.

बीडचाच सचिन धस मात्र महाराष्ट्राच्या कुमार संघांतून पुढे आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेनोनी येथे, एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, भारताचे चार गडी अवघ्या ३२ धावांत गेले असता त्याने ९६ धावा काढून डाव सावरला. ज्यांच्याकडे महाराष्ट्राची निवड सोपविलेली आहे, त्यांनी या मुलाच्या वाईट हंगामाचा हिशेब कसा करावयाचा, हे आजच ठरवून ठेवावे.