टेकडी राखतो कोण?



कामगार संघटनेच्या माणसाने झाडापाखरांवर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध नाही. परंतु शहराच्या पोटातले रान माणसाच्या हातांनी टिकते, आणि त्या हातांची गाऱ्हाणी ऐकण्यात माझी तीस वर्षे गेली. तेवढ्याच अधिकारावर मी पुण्याच्या टेकड्यांविषयी बोलणार आहे.

तळजाई, पाचगाव-पर्वती हे रान आपल्या पायाखालचे आहे. पहाटे तेथे फिरणारांची रीघ लागते. कोणाला वाट रुंद हवी, कोणाला दिवे हवेत, कोणाला कुत्रे मोकळे सोडावयाचे असते. यात गैर काय, असे मीही एके काळी विचारीत असे. ज्याच्या घराभोवती बाग नाही त्याने मोकळी हवा खावी कोठे? सार्वजनिक जागा म्हणजे चोहोकडून उघडी जागा, अशी माझी समजूत होती.

ती समजूत एका वनमजुराने मोडली. टेकडीचे नाव घेत नाही. श्रावणातला दिवस होता. मजुरांची सभा आटोपून मी आडवाटेने उतरू लागलो, तोच तो म्हणाला, "साहेब, इकडून नका जाऊ. करवंदीच्या जाळीत लांडोर बसलीय."

मोर-लांडोर आपण नेहमी पाहतो. पण लांडोर अंडी घालते ती पावसाळ्यात, जमिनीवर, झुडपाच्या आडोशाला. चार-सहा अंडी, आणि उबवणी जवळजवळ चार आठवड्यांची. तेवढ्या काळात एक मोकळा कुत्रा त्या जाळीत शिरला, की वर्षाचा वंश गेला. ही गोष्ट मला पुस्तकाने सांगितली नव्हती. त्या मजुराला ती ठाऊक होती, कारण सलग दोन पावसाळे तो त्याच उतारावर होता.

पुढच्या वर्षी मी गेलो तो मजूर तेथे नव्हता. दिवस भरत आले की हक्क सांगेल, म्हणून त्याची हजेरी तोडली होती. त्याच्या जागी आलेला माणूसही कष्टाळूच. पण त्याला सांगणारे कोणी नव्हते. वाट सरळ करा असा हुकूम आला, आणि त्याने करवंदीची जाळी मुळासकट काढली. दोष मी त्याला देत नाही. मात्र लांडोर तेथे मला पुन्हा दिसली नाही.

टेकडीचे काम म्हणजे वनमहोत्सवात रोप लावून छायाचित्र काढणे नव्हे. उतारावर समतल चर खणावे लागतात, तेव्हा पाणी मुरते. दिवाळीनंतर गवत वाळू लागले की जाळरेषा काढाव्या लागतात. नाहीतर फेकलेली एक विडी सगळा उतार जाळते. या वैशाखात रोपांना हंड्याने पाणी घालावे लागते. आषाढात तण काढताना गवत कोणते आणि उगवलेले रोप कोणते हे ओळखावे लागते. ही ओळख एका मोसमात होत नाही.

गिरिपुष्पाचेच पाहा. मूळ मध्य अमेरिकेतले हे झाड. लवकर वाढते, गुरे फारसे तोंड लावीत नाहीत, म्हणून आपल्या टेकड्यांवर ते मुबलक लावले गेले. टेकड्या हिरव्या दिसू लागल्या. पण त्या दाटीखाली दुसरे फारसे काही वाढत नाही, आणि चंडोल-तित्तरांना हवे असलेले उघडे गवताळ माळ कमी झाले. हे एकदम तोडून चालणार नाही. थोडे थोडे विरळ करून आपली झाडे आणि गवत परत आणावयाचे, तर दहा-पंधरा वर्षांचे काम आहे. आणि ते करणार कोण? सहा महिन्यांनी ज्याला घरी बसवावयाचे तो?

आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे की या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा खटला याच पाचगाव-पर्वतीवरचा आहे? पुण्याच्या दक्षिणेकडील 464 हेक्टर टेकडी-पठारावर सामाजिक वनीकरणाची योजना झाली. निसर्ग जपावा, लोकांना विरंगुळा आणि शिक्षण मिळावे, हा तिचा हेतू. तिच्यावर पाच-सहा वर्षे राबलेले मजूर नैमित्तिकच राहिले, आणि ते औद्योगिक न्यायालयात गेले. वने राखणे हे सार्वभौम राज्यकार्य, उद्योग नव्हे, असा सरकारचा बचाव होता. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. असली योजना खाजगी माणूसही चालवू शकेल, तेव्हा ते सार्वभौम कार्य नव्हे. आणि कायमपणाचे हक्क नाकारण्यासाठी माणसांना वर्षानुवर्षे नैमित्तिक ठेवणे ही 1971 च्या राज्य कायद्याप्रमाणे अनुचित प्रथा ठरते, असा निवाडा झाला. तेव्हा मी पंचविशीत होतो. शब्दकोश शेजारी ठेवून मी तो निवाडा वाचला.

म्हणून माझे मागणे सरळ आहे. ठराविक वाटा फिरणारांसाठी नीट राखा, आणि बाकीचे रान निदान पावसाळ्यात पाखरांना सोडा. कुत्रा साखळीत ठेवा. प्राण्यापाखरांना खाऊ घालू नका. रात्री दिवे नकोत. रात्र त्यांची आहे. हे नियम मोडणारांत उद्या माझेच सभासद असतील, तर त्यांनाही मी हेच सांगेन. पण नियम पाटीवर लिहून पाळले जात नाहीत. ते पाळावयास रोज तेथे असणारा, उतार ओळखणारा, उद्याच्या हजेरीची धास्ती नसलेला माणूस लागतो. टेकडीविषयी जेथे निर्णय होतात तेथे त्यालाही बसवा.

उद्या पहाटे आपण टेकडीवर जाल. रोपाला पाणी घालणारी बाई दिसली तर क्षणभर थांबा. तिचे नाव विचारा, आणि वर्षातले किती दिवस तिला काम मिळते तेही विचारा. टेकडीचे पुढे काय होणार, हे त्या उत्तरावरून आपणांस कळेल.