तंतू का तुटतो?



आपले मंडळ स्थापन करणारी पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. त्यांपैकी काहींच्या पायांतून चप्पल निसटते आणि त्यांना कळतही नाही. हा बहुधा मधुमेहाचा परिणाम असतो. परंतु ‘वयाने नसा सुकल्या’ असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. मी वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. तथापि नसा खरोखरच ‘सुकतात’ काय, याविषयी संशोधकांना जे उमगले ते आपणांपुढे ठेवतो.

पायाच्या अंगठ्यापासून कण्यापर्यंत संवेदना नेणारा मज्जातंतू केसाहून बारीक, पण लांबीने सुमारे १ मीटर असतो. त्याचे पोषण कण्यालगतच्या पेशीकडून होते. १८५० साली ऑगस्टस वॉलर या इंग्रज वैद्याने बेडकाच्या जिभेच्या नसा कापून पाहिल्या, तेव्हा पेशीपासून तुटलेला भाग काही दिवसांतच छिन्नविच्छिन्न झाला. पोषणाअभावी तो मेला, अशीच समजूत दीर्घकाळ रूढ राहिली.

१९८९ साली ऑक्सफर्ड येथे तिला धक्का बसला. उंदरांच्या एका वाणात तोडलेले तंतू एक-दोन दिवसांत नष्ट न होता आठवडे टिकले! उपासमार हेच कारण असते, तर असे घडते ना. अर्थात तंतूच्या ठायीच आत्मनाशाची यंत्रणा वसत असली पाहिजे. २०१२ साली फळमाशी व उंदीर यांच्यावरील संशोधनातून तिचा सूत्रधार सापडला : ‘सार्म-१’ हे प्रथिन. ते चेतले की ऊर्जाव्यवहारास आवश्यक असा ‘एनएडी’ हा पदार्थ स्वतःच फस्त करते, हे २०१७ साली उघड झाले. सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरील औषध नसांना इजा करते. सार्म-१ नसलेल्या उंदरांत ती इजा टळली.

माणसांसाठी या प्रथिनाला आवर घालणारे सिद्ध औषध अद्याप हाती आलेले नाही. हातापायांतील तुटलेला तंतू वाढला, तर दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर. मेंदू व मज्जारज्जूत तेवढीही आशा नसते. म्हणूनच जे तंतू शाबूत आहेत ते राखणे अगत्याचे. ऱ्हास ही एक प्रक्रिया आहे, आणि प्रक्रियेला अटकाव करता येतो, हा या संशोधनाचा खरा दिलासा होय. तोवर रक्तातील साखर आटोक्यात ठेवावी, बधिरपणा जाणवताच वैद्यांना दाखवावे, आणि वडीलधाऱ्यांचे तळपाय रोज न्याहाळावेत. ज्या जखमेची वेदना त्यांना जाणवत नाही, ती आपल्या डोळ्यांनी पाहिली पाहिजे.