खेळातले ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’



मंडळाच्या वर्धापनदिनी आरोग्य, स्वयंपाक, मुलांचे संगोपन अशा विषयांवर आपण नेहमी ऐकतो. आज मी मुलांच्या एका खेळाविषयी चार शब्द बोलणार आहे. मुले ज्यात तासन्‌तास डोके घालून बसतात, ते आहे तरी काय, हे आयांनी एकदा पाहायला नको का?

खेळाचे नाव माइनक्राफ्ट. स्वीडनमध्ये तयार झालेला हा खेळ २०११ साली पूर्ण रूपात बाहेर आला. त्यातले सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे. मुले खाणी खणतात, घरे बांधतात, शेती करतात. इथवर ती आपली भातुकलीच म्हणा. पण खोल खाणीत ‘रेडस्टोन’ नावाचे तांबडे खनिज सापडते. निदान लोखंडी कुदळ असल्याशिवाय ते हाती लागत नाही. त्याची भुकटी रांगोळीच्या रेघेसारखी जमिनीवर ओढली, की ती विजेच्या तारेचे काम करते. एका टोकाला खटका, दुसऱ्या टोकाला दिवा किंवा दार. जोर मात्र १५ घरांपर्यंतच पुरतो. पुढे न्यायचा तर मध्ये ‘रिपीटर’ बसवावा लागतो.

आता खरी गंमत. या भुकटीतून मुले तीन शब्द मांडतात : ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’. हे शब्द आपल्या घरातही आहेत. कपडे धुण्याचे यंत्र केव्हा चालते? दार लागलेले असेल आणि बटण दाबलेले असेल तेव्हा. घंटा केव्हा वाजते? पुढच्या दाराचे किंवा मागच्या दाराचे बटण दाबले तर. फ्रिजमधला दिवा केव्हा लागतो? दार बंद नाही तेव्हा. खेळात ‘नाही’चे काम रेडस्टोनची मशाल करते. ती ज्या ठोकळ्यावर लावली त्याला शक्ती मिळाली, की ती विझते. शक्ती गेली, की पेटते.

याच्याच जोरावर मुले आपोआप चालणारी उसाची शेती उभारतात. ऊस पाण्याच्या कडेला लावायचा. तो तीन ठोकळे उंच वाढतो. तिसऱ्या ठोकळ्यासमोर ‘ऑब्झर्व्हर’, म्हणजे राखणदार, बसवायचा. ऊस तिथवर आला, की तो इशारा देतो. दुसऱ्या ठोकळ्यापाशी बसवलेला दट्ट्या पुढे सरतो आणि ऊस तोडतो. तुटलेली कांडकी नसराळ्यासारख्या ‘हॉपर’मध्ये पडली, की तिथून पेटीत जातात. बुडखा शिल्लक राहतो, त्याला खोडवा फुटावा तसा ऊस पुन्हा वाढतो. पण दट्ट्या एक ठोकळा खाली बसवला, तर बुडखाच उखडतो आणि शेती संपते. दट्ट्याला त्याचे काही नाही. तो सांगितले तेवढेच करतो. ‘आपोआप’ म्हणजे विचारावाचून नव्हे. विचार कुणीतरी आधी करून ठेवलेला असतो, इतकेच.

भगिनींनो, हा विचार मोठ्या पदव्यांचाच मक्ता आहे असे समजू नका. ‘आणि, किंवा, नाही’ यांचे गणित मांडणारे जॉर्ज बूल हे इंग्लंडातल्या एका जोडे शिवणाऱ्याचे पुत्र. शाळेचे शिक्षण थोडे. पुढचे सारे स्वतः पुस्तके वाचून. ते आयर्लंडात प्राध्यापक झाले आणि १८५४ साली त्यांचा ग्रंथ निघाला. तेच गणित विजेच्या खटक्यांनी मांडता येते, हे अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली दाखविले. आजचे संगणक त्याच पायावर उभे आहेत. मी सातवीपर्यंत शिकले; पण यातले कुठलेही पाऊल मला परके वाटले नाही. कुकरच्या शिट्टीवर आणि टाकीतल्या चेंडूच्या नळावर लक्ष ठेवणारी बाई हेच तर रोज करते!

खेळाला वेळेची मर्यादा हवीच. अभ्यास, झोप आणि मैदान बुडता कामा नये. पण नुसते रागावण्याऐवजी मुलाशेजारी बसून तीन प्रश्न विचारावे : हे केव्हा सुरू होते? केव्हा थांबते? एक भाग काढला तर काय होईल? उत्तर देता देता मूल विचार करायला शिकेल. आणि एक विनंती. मुलगा यंत्राशी बसला, की आपण कौतुक करतो आणि मुलीला मात्र पाने घ्यायला हाक मारतो. ती जागा तिलाही द्या. पाने दोघांनी मिळून घ्यावीत.