मामांची विंचेस्टर

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेलं भाषण)



माझी सारी नोकरी शस्त्र परवान्यांच्या टेबलावर गेली, म्हणून चेअरमन साहेबांनी जुन्या बंदुकांवर बोलायची गळ घातली. विषय सणासुदीचा नाही. पण आपल्याकडे अनेक जुन्या घरांत आजोबांची बंदूक असते आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला बाहेर निघते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली, बंदुका राहिल्या.

माझ्या मामांकडे विंचेस्टर रायफल होती. काउबॉय सिनेमात बघता ना, चापाखालची कडी खाली ओढून वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत, तीच ही लिव्हर रायफल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा मामांच्या घरातलं कपाट चार दिवस पाण्यात होतं. पुढच्या वर्षी मामा गेले. मामेभावानं रायफल काढली, तर गंजलेली. त्यानं पॉलिश पेपर घेतला आणि नळी चांदीसारखी चकचकीत केली. मग मला बोलावलं, "दादा, यावर १८९४ लिहिलंय. अँटिक आहे, परवाना लागत नाही. किती येतील?"

मी कपाळाला हात लावला. एकेक सांगतो.

१८९४ हे मॉडेलचं नाव. त्यापुढची २१ ऑगस्ट १८९४ ही पेटंटची तारीख. बंदूक कधी बनली ते त्यावरून कळत नाही, क्रमांकावरून कळतं. तो मधल्या पोलादी भागाच्या खालच्या अंगाला, पुढे असतो. या मॉडेलची दहा लाखावी रायफल १९२७ साली अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना भेट दिली होती. मामांचा क्रमांक आठ लाखांच्या घरातला, म्हणजे त्याच्या आधीची. क्रमांक २७ लाखांच्या पुढे असेल तर ती १९६४ किंवा नंतरची. तेव्हा कंपनीनं बनावट स्वस्त केली, म्हणून शौकीन तिला कमी मोजतात.

मॉडेलही बघून कळतं. नळीखाली दुसरी बारीक नळी असेल तर तीत काडतुसं एकामागे एक बसतात. मामांची तशी होती. १८९५ च्या मॉडेलला चापापुढे पेटी असते. बंगळूरचे शिकारी-लेखक केनेथ अँडरसन ती .४०५ ची वापरत. नळीवर कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडाचं नाव दिसलं म्हणून बंदूक त्यांनी घडवली असं समजू नका, विकणाराही नाव कोरून घेई. मुकुटाचे बारीक शिक्के असतील तर ती इंग्लंडात चाचणी होऊन आलेली असू शकते.

आता किंमत. शौकीन पैसे मोजतो तो मूळच्या निळसर काळ्या मुलाम्याचे, आणि तोच भावानं घासून काढला होता. गंज तेलानं हलक्या हातानं पुसायचा असतो. नशीब, खालचा क्रमांक वाचला. तो खोडला असता तर गुन्हाच. शिवाय अमेरिकेतल्या जाहिरातीतला डॉलरचा आकडा इथे गुणून चालत नाही. घेणारा परवानाधारकच हवा, त्याच्याकडे आधीच दोन नकोत (डिसेंबर २०१९ पासून दोनचीच मर्यादा आहे), आणि नळीवर कोरलेल्या मापाचं काडतूस मिळायला हवं.

परवान्याचं तर विचारूच नका. शंभर वर्षं झाली म्हणून सूट मिळत नाही. जुन्या घाटाचं आणि दुरुस्त करूनही न उडणारं हत्यार असेल तरच मिळते. मामांची दोन थेंब तेल घातल्यावर खडखडीत चालत होती! म्हणजे भाऊ इतके महिने विनापरवाना हत्यार घरात ठेवून बसला होता. त्याच दिवशी त्याला पोलीस ठाण्यात नेलं, रायफल जमा केली, पावती घेतली. मग वारसा हक्कानं अर्ज केला. मामी एवढंच म्हणाल्या, "विकू नका, त्यांचा हात फिरलाय तिच्यावर." विकली नाही.

कुणाच्या घरी अशी वस्तू असेल तर संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो. येताना परवाना आणा. बंदूक आणू नका, आमच्या सौ. दार उघडणार नाहीत.